अर्धा स्वर खाली

वळणावर ट्रामची चाकं रुळाला घासून किंचाळली आणि तारूतिनचा वस्तरा गालावर थांबला. आवाज नेहमीचाच होता. युद्ध संपल्यापासून याच खोलीत, याच खिडकीशी उभा राहून तो ऐकत आला होता. त्याच्या लेखी ती किंचाळी म्हणजे 'दो-रे-मी-फा-सोल-ला-सी'मधली 'ला' होती. दुसऱ्या माणसाला बर्फ पांढरा दिसतो, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं, तशीच त्याला ती 'ला' ऐकू यायची. आज ती 'ला' नव्हती. ती अर्ध्या स्वराने वर होती. स्वच्छ, निःसंशय कोमल 'सी'. गालावरचा साबण वाळू लागला तरी तो पुढच्या ट्रामची वाट पाहत उभा राहिला. पुढची ट्राम आली, वळली आणि तशीच कोमल 'सी'त किंचाळून निघून गेली. रूळ बदलले असतील, असं त्याने मनाशी म्हटलं. बिघाड झाला की माणूस आधी वस्तूवर संशय घेतो, स्वतःपर्यंत यायला त्याला वेळ लागतो. तो तसाच, अर्ध्या दाढीने, सामाईक स्वयंपाकघरात गेला. तिथे त्याची शेजारीण कापितोलीना साव्विश्ना कोर्युश्का तळत होती. नेवा नदीचा बर्फ फुटला की हे बोटभर मासे बाजारात येतात आणि लेनिनग्राडमधल्या एकूण एक जिन्याला ताज्या काकडीचा वास येतो. "इनोकेंती ल्वोविच," ती मागे न वळता म्हणाली, "एका गालाची दाढी आज आणि दुसऱ्याची उद्या, अशी नवी फॅशन आलीय का?" त्याने विचारलं, "कोपऱ्यावरचे रूळ बदलले का हो?" "रूळ? आपल्या जिन्यातला दिवा बदलायला त्यांना अख्खा हिवाळा लागला. रूळ म्हणे!" तिने उलथनं तव्याच्या काठावर आपटलं. तो आवाजही वर सरकलेला होता. "हा तवा नवा आहे?" "नवा? हा माझ्या सासूचा. सासूला मीच पोचवलं, तवा मात्र मला पोचवूनच जाईल असं दिसतंय. तुम्हाला बरं नाहीये का? मासे देऊ दोन?" त्याने मासे नाकारले आणि खोलीत येऊन दार लावून घेतलं.

पियानोच्या खणात वाद्यं जुळवण्यासाठी नेमकी 'ला' देणारा नादकाटा होता. त्याने तो गुडघ्यावर हलकेच आपटला, त्याचा दांडा पियानोच्या लाकडाला टेकवला आणि डोळे मिटले. कोमल 'सी'. त्याने पुन्हा आपटला. काटा पोलादाचा होता. पोलाद तापलं तर त्याचा आवाज केसभर उतरतो, गारठलं तर केसभर चढतो, अर्धा स्वर कधीच नाही. आणि खोली तर रोजच्यासारखीच होती. म्हणजे ट्राम जिथल्या तिथे होती, तवा जिथल्या तिथे होता आणि पोलादही. त्यांच्या आणि त्याच्यामधलं काहीतरी रात्रीतून एका पायरीने सरकलं होतं. त्याने पियानोचं झाकण उघडलं, 'सोल'ची पांढरी पट्टी दाबली आणि त्याला कोमल 'ला' ऐकू आली. डोळा एक सांगत होता, कान दुसरंच, आणि दोघंही खात्रीने सांगत होते. मग त्याने 'सोल'च्या डावीकडची काळी पट्टी दाबली. आता 'सोल' ऐकू आली. त्याला एकदम हायसं वाटलं. आणि ज्यामुळे हायसं वाटलं त्याचीच लगेच भीती वाटली.

कानाच्या डॉक्टरकडे तो गेला, पण तिथे फार काही बोलता आलं नाही. डॉक्टर म्हातारा होता. त्याने कानात दिवा धरून पाहिलं, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन काही आकडे कुजबुजले आणि तारूतिनने ते बरोबर परत सांगितले. "उत्तम ऐकू येतंय तुम्हाला," डॉक्टर म्हणाला, "माझ्यापेक्षा चांगलं. मग तक्रार काय?" "सगळं अर्धा स्वर वर ऐकू येतं." "कशाच्या वर?" डॉक्टरने मग समजुतीच्या सुरात सांगितलं की कानाच्या आत एक चिंचोळी पट्टी असते, आवाजाची प्रत्येक लहर तिच्यावर आपापल्या जागी जाऊन उमटते. वयाबरोबर ती पट्टी ताठरते, बहुधा जागा थोड्या सरकत असाव्यात. "नक्की कुणाला माहीत नाही. शंभरातल्या नव्याण्णवांना कळतसुद्धा नाही. सगळंच सरकलं की काहीच सरकलेलं नसतं." घरी परतताना तारूतिन या वाक्यावर बराच वेळ विचार करत राहिला. ते बरोबर होतं आणि तरीही खोटं होतं, कारण सगळं सरकलेलं नव्हतं. आठवणी सरकल्या नव्हत्या. व्होलोग्दामधल्या लहानपणच्या शाळेची घंटा, बोटीचा भोंगा, त्याच्या आजवर लिहून झालेल्या प्रत्येक ओळीचा पहिला स्वर, सगळं आत जुन्याच जागी होतं. आत एक शहर होतं आणि बाहेर दुसरं. दोन्हींचे रस्ते, पूल, माणसं तीच. फक्त बाहेरचं शहर कुणीतरी उचलून एका पायरीवर ठेवलं होतं, आणि आता आतल्यातून बाहेरच्यात पाऊल टाकताना दर वेळी ठेच लागत होती.

हे त्याने कुणालाही सांगितलं नाही. सांगण्यासारखा माणूस एकच होता, झिनोवी मार्कोविच. दोघं कॉन्झर्व्हेटरीत, संगीताच्या विद्यापीठात, एका बाकावर बसलेले, युद्धातल्या जर्मन वेढ्याचे उपासमारीचे दिवस याच शहरात काढलेले. झिनोवी पियानोवादक होता आणि ते दिवस संपल्यावर त्याच्या दोन बोटांत कायमचा बधिरपणा राहिला होता, तो त्याबद्दल विनोद करायचा, "दहा बोटांनी वाजवणारे पुष्कळ आहेत, आठ बोटांनी वाजवणारा मी एकटाच." पण अशा माणसालाही तारूतिन सांगू शकला नाही, कारण सांगितलं असतं तर झिनोवीने त्याला 'दाखवणी'ला बसूच दिलं नसतं. आणि दाखवणी गुरुवारवर आली होती. नवी सिंफनी ऑर्केस्ट्राच्या हाती जाण्याआधी ती संगीतकारांच्या मंडळासमोर पियानोवर चार हातांनी वाजवून दाखवायची, आणि त्यातले दोन हात रचणाऱ्याचे असायलाच हवेत, अशी रीत होती. आपली रचना दुसऱ्याकडून वाजवून घेणाऱ्याचाच तिच्यावर भरवसा नाही, असं धरलं जायचं. तारूतिनची शेवटची सिंफनी लोकांनी ऐकली होती ती युद्धाच्या आधी. युद्धानंतरची एक अशाच दाखवणीत 'उदास' ठरून कपाटात गेली होती, आणि कपाटात गेलेल्या रचना म्हाताऱ्या होत नाहीत, त्या नुसत्या कुणालाच ठाऊक नसतात. ही तिसरी. गुरुवारी मंडळाने होकार दिला तर शरदातल्या मैफलींमध्ये ती वाजणार होती. नाही दिला तर पुढच्या यादीपर्यंत थांबायचं. आणि साठी उलटलेला, हृदय अधूनमधून ठोका चुकवणारा माणूस किती याद्या थांबू शकतो, हा हिशोब त्याला सोडवायचा नव्हता.

तालमीच्या वेळी तो डोळ्यांनी वाजवायचा. नजर पानावर किंवा पट्ट्यांवर, कान जमेल तितके बंद. उजवीकडे बसलेला झिनोवी वरचा भाग वाजवायचा आणि तिरक्या नजरेने त्याच्याकडे पाहायचा. इनोकेंतीला तो केशा म्हणायचा. "केशा, तू हल्ली हातांकडे बघून वाजवतोस. पहिल्या वर्षाच्या पोरीसारखा." "चष्मा बदललाय." "चष्मा नाकावर असतो. तू तर पट्ट्या हुंगतोयस." दोघं हसले, आणि तारूतिनने पुन्हा नजर खाली घातली. पण झिनोवी गेला की तो एकटाच पियानोशी बसायचा आणि डोळे मिटून सगळं अर्धा स्वर खाली वाजवायचा. तसं वाजवलं की आतलं आणि बाहेरचं जुळायचं. दुखऱ्या दाताला जीभ जशी आपोआप एका कोनात विसावते तशी त्याची बोटं काळ्या पट्ट्यांवर विसावू लागली. त्याला कळत होतं की हे बरं नाही, हात तसाच बसतोय, सवय होतेय. तरीही दिवसातला तेवढाच वेळ असा होता जेव्हा जग खरं वाटायचं. आणि त्या वेळात तो बहुतेक वेळा तिसऱ्या भागाची सुरुवातच वाजवायचा. तिथे खालच्या हाताची एकटी ओळ होती, ऑर्केस्ट्रात व्हिओला, म्हणजे खोल आवाजाची मोठी व्हायोलिनं, वाजवतील ती. 'सोल'पासून निघून थोडी चढून पुन्हा 'सोल'लाच येणारी. ती धून त्याची नव्हती. ती ओनेगा सरोवराकडच्या बायका सूत कातताना गुणगुणायच्या, आणि त्याने ती आपल्या बायकोकडून, ग्लाफीराकडून ऐकली होती.

गुरुवारी दुपारी झिनोवी त्याला घ्यायला आला, तेव्हा कापितोलीना साव्विश्ना बोळात आडवी उभी राहिली. "असं नाही जायचं. मोठ्या कामाला निघताना आधी घटकाभर बसायचं असतं, बसा." "अहो, उशीर होतोय," झिनोवी म्हणाला. "बसल्याने कुणाला उशीर झालेला नाही. न बसता निघालेल्यांचं काय झालं ते मला विचारा." दोघं बोळातल्या पेटीवर बसले, तीही ओल्या हातांनी समोरच्या स्टुलावर बसली, आणि तिघं आपापल्या समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. मग तिने स्वतःच "चला, जा आता, परमेश्वर पाठीशी असो," म्हणून त्यांना उठवलं. बाहेर लख्ख, थंड ऊन होतं. नेवातून लादोगा सरोवराचा बर्फ वाहत होता. मोठे, करडे तुकडे पुलाच्या खांबांवर हळू आदळत होते आणि प्रत्येक आदळण्याला एक स्वर होता. तारूतिनने टोपी कानांवर ओढून घेतली. "थंडी वाजते?" झिनोवीने विचारलं. "हो," तो म्हणाला.

मंडळाच्या दालनात ओळखीची माणसं होती. हिरवं कापड घातलेल्या टेबलामागे अध्यक्ष येर्मोलाय फोमिच बसला होता. जाडजूड, घामट, फौजेसाठी कूच-गीतं रचणारा, मनाने चांगला. तारूतिनला पाहताच उठून त्याने त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "इनोकेंती ल्वोविच, आज मला आनंद द्या. मागच्या आठवड्यात तीन जणांनी मला रडवलंय." त्याच्या डाव्या हाताला आरियाद्ना ग्लेबोव्ना, कॉन्झर्व्हेटरीत स्वरसंगती शिकवणारी, कोरड्या चेहऱ्याची, जिच्या कानातून काही सुटत नसे. आणि टोकाला स्त्रेमुखोव, यांच्यातला सर्वांत तरुण, त्याची मान सदोदित पुढे काढलेली. तारूतिन आणि झिनोवी बाकावर बसले, झिनोवीने पान सरळ केलं, श्वास घेतला, मान हलवली. पहिला भाग नीट गेला. दुसराही. तारूतिनने नजर एकदाही पट्ट्यांवरून उचलली नाही. कानात कुणा परक्याची सिंफनी वाजत होती, नको तितकी उजळ, कडेने चकाकणारी, आणि तो तिच्या बाजूने, भिंतीला हात लावत अंधारातून चालावं तसा चालत होता. येर्मोलाय फोमिचची पेन्सिल टेबलावर ठेका धरत असल्याचं त्याला जाणवलं. सगळं ठीक चाललं होतं. मग तिसरा भाग आला. खालच्या हाताची एकटी ओळ. ती त्याला पानावर पाहायची गरज नव्हती, आणि दुसरा भाग संपल्यावर क्षणभर त्याने मान वर केली. समोरच्या उंच खिडकीत पलीकडच्या घराचं धुराडं होतं आणि त्यातून पातळ, सरळ धूर वर जात होता. त्याने डोळे न हलवता सुरुवात केली.

धूर सरळ वर जाणं म्हणजे बाहेर कडाक्याची थंडी आणि वारा नाही. वेढ्याच्या त्या हिवाळ्यात ग्लाफीरा हे रोज सकाळी सांगायची. खोलीत मध्यभागी पत्र्याची छोटी शेगडी होती, तिचं नळकांडं खिडकीच्या फटीतून बाहेर काढलेलं. ग्लाफीरा सगळे कपडे अंगावर चढवून तिच्यापुढे बसायची आणि खुर्चीच्या पायाचे तुकडे एकेक करून आत सारायची. भिंतीवरच्या रेडिओत बातम्या नसल्या की तालयंत्राचे ठोके वाजायचे. संथ असले म्हणजे आकाश मोकळं, भरभर झाले म्हणजे विमानं. संथ ठोक्यांवर ती ती धून गुणगुणायची. ती गायिका नव्हती, शाळेत भूगोल शिकवायची, पण तिचा गळा सुरेल होता आणि धून नेहमी 'सोल'वर सुरू व्हायची, न चुकता, जणू तिच्या गळ्यात तेवढी एकच जागा होती. डिसेंबरात ती 'सोल'वर होती. नवीन वर्षानंतर एका सकाळी ती सुताएवढी खाली होती. त्याने माप घ्यायचं ठरवलं नव्हतं. डोळ्याला पापणी असते, कानाला नसते. तिचे गाल बसत होते, हात बारीक होत होते, पण चेहरा रोज पाहणाऱ्याला बदल दिसत नाही. सगळे सांगतात, आम्हाला कळलंच नाही. त्याला रोज कळत होतं. रोज सकाळी ती तोंड उघडायची आणि त्याचा कान, त्याच्या मनाविरुद्ध, त्याला नेमकं सांगायचा की कालपासून आजपर्यंत ती किती उतरली. "बरोबर लागतंय ना रे, केशा?" ती विचारायची. आपला नवरा स्वरांच्या बाबतीत किती हट्टी आहे हे ती जाणून होती, ती थट्टाच असायची. "बरोबर लागतंय," तो म्हणायचा. आणि तिला आधार म्हणून तोही गुणगुणू लागायचा, खऱ्या 'सोल'वर. त्याच्या गळ्याला दुसरं काही जमायचंच नाही. ती त्याच्याशी जुळवून घ्यायला बघायची, ताण द्यायची, दम लागायचा, मग थांबून हसायची. "तुझा सूर फार वरच्या मजल्यावर राहतो बाई. मला जिने चढवत नाहीत." फेब्रुवारीत ती पूर्ण अर्धा स्वर खाली आली होती. त्याच्या आणखी खाली ती गेली नाही.

पुढे तिची धून सिंफनीत घेताना त्याने ती 'सोल'वर लिहिली. दुसरीकडे लिहायचा विचारही मनात आला नव्हता. ती तशीच होती, तशीच असायला हवी होती. आता दालनात ती त्याला 'सोल'वर ऐकू येत होती. अगदी नेमकी, निवांत, डिसेंबरातल्यासारखी, आणि आत-बाहेर कुठे ठेच लागत नव्हती. किती दिवसांनी, असं त्याला वाटत असतानाच उजवीकडून झिनोवी आत आला. रचनेत तिथे वरच्या आवाजाने तीच धून मागून धरायची होती, एकामागून दुसरा अशी. झिनोवीने पानावर जे होतं ते धरलं. आणि दोन धुना एकमेकींवर घासल्या. तारूतिनने खाली पाहिलं. त्याचा डावा हात काळ्या पट्टीवर होता. ती चुकून लागलेली पट्टी नव्हती. सुरुवातीपासून त्याने सगळंच अर्धा स्वर खाली वाजवलं होतं, घरी एकटा असताना वाजवायचा तसं, आणि सभेतल्या प्रत्येकाने ते ऐकलं होतं. दुरुस्त करणं सोपं होतं. ओळीला श्वास घ्यायची जागा होती, तिथे हात एका पट्टीने उजवीकडे सरकवायचा, बस. ती जागा आली. झिनोवी तिथे किंचित रेंगाळला, त्याला वेळ देण्यासाठी. पण तारूतिन ऐकत होता. वर कुणीतरी खरा स्वर धरून बसलं होतं, हट्टाने, मायेने, अजिबात न हलता. आणि खाली कुणीतरी तेच शब्द, तीच चाल घेऊन त्याच्याकडे बघत चालत होतं आणि पोचत नव्हतं. कानांना ते सहन होत नव्हतं. तेव्हाही झालं नव्हतं. वीस वर्षांत त्याने यातलं काहीही लिहिलं नव्हतं, त्याने फक्त ती धून लिहिली होती. श्वासाची जागा निघून गेली. त्याने हात सरकवला नाही. झिनोवीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग पुन्हा पानाकडे, आणि तो आपल्या जागी ठाम वाजवत राहिला. दोघं तसेच शेवटापर्यंत गेले.

शेवटचा स्वर विरला. मग येर्मोलाय फोमिचने खोकून घसा साफ केला. "पहिला भाग, काय सांगू, नदी आहे, सकाळ आहे, लोक कामाला निघालेत. दुसरा तर मी घरी जाताना गुणगुणणार. तिसऱ्यात मात्र, इनोकेंती ल्वोविच, दोन माणसं एकाच दारातून एकाच वेळी शिरतायत आणि कुणीच मागे होत नाही. हे काय आहे?" "हेच तर नवीन आहे!" टोकाकडून स्त्रेमुखोव म्हणाला. "अशी हिंमत..." "नवीन?" येर्मोलाय फोमिच त्याच्याकडे वळला. "माझ्या डोक्यावर वरच्या मजल्यावर दोन बहिणी राहतात, दोन खोल्यांत दोन पियानो. मी रोज नवीन ऐकतो, पोरा, फुकट ऐकतो." कुणीतरी हसलं. आरियाद्ना ग्लेबोव्ना हसली नाही. "नवीन-जुनं राहू द्या," ती म्हणाली. "मला ती चूक वाटली. वरचा भाग पानावरून वाजत होता, खालचा नव्हता. इनोकेंती ल्वोविच, तुम्ही थकलेले दिसता. बोट घसरतं, माणूस पहिल्या पट्टीवर चुकतो आणि मग बाहेर पडता येत नाही. माझंही झालंय. तसं सांगा आणि आपण पुढे जाऊ." तिने हे दयेने म्हटलं होतं, आणि तिच्यासारखीने म्हटलेलं म्हणून ते दुप्पट दयेचं होतं. येर्मोलाय फोमिचचा चेहरा उजळला. "बोट घसरलं! अहो, मग एवढंच ना! लिहिलेलं काय आहे ते आम्हाला ठाऊक आहे, स्वरलिपी सगळ्यांनी वाचलीय. सुंदर आहे. शरदात वाजेल. बोला."

एक शब्द पुरणार होता, आणि तो खोटाही ठरला नसता. बोट घसरलंच होतं. कानाचं नाव काढायची गरज नव्हती. ऑक्टोबरात दिवे लागतील, लोक कोट काढून ठेवतील, व्हिओला 'सोल'वर सुरू करतील, व्हायोलिन 'सोल'वर येतील, एकाला एक लागून, स्वच्छ. लोक रडतीलसुद्धा. पुढच्या रांगेत बसून तो ते वर सरकलेलं ऐकेल आणि मान हलवेल. बरोबर लागतंय. तारूतिनला वाटलं, हे वाक्य आपण फक्त एकाच माणसाशी बोललो होतो, आणि त्या माणसाशी ते बोलणं योग्य होतं. इथे या टेबलाशी ते बोलता येणार नाही.

"चूकच होती," तो म्हणाला. येर्मोलाय फोमिचने सुटकेचा श्वास सोडला आणि लेखणी उचलली. "पण ती आता तशीच राहील."

"म्हणजे?"

"व्हिओला खाली वाजवतील, व्हायोलिन वर. आत्ता ऐकलंत तसं."

"चूक?"

"हो."

"मुद्दाम?"

"आता मुद्दाम."

येर्मोलाय फोमिचने लेखणी खाली ठेवली आणि रुमालाने मान पुसली. "अहो, लोक इथे येऊन आईची शपथ घेतात की यात चूक नाही. चूक आहे म्हणणारे आणि वर ती ठेवणारे तुम्ही पहिले. मी कागदावर लिहू तरी काय?" "उदास लिहा," तारूतिन म्हणाला. "मागच्या वेळी तेच लिहिलं होतं." कुणी हसलं नाही. येर्मोलाय फोमिच पुढे झुकून, फक्त त्यालाच ऐकू जावं असा बोलला, "शरदाची यादी याच आठवड्यात जाते. मी रोखून धरू शकत नाही. पुढची केव्हा, मला ठाऊक नाही. तुमची तब्येत... जरा विचार करा हो." "केला." "का पण?" हा प्रश्न आरियाद्ना ग्लेबोव्नाचा होता, आणि तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तारूतिनला ग्लाफीराचं नाव त्या हिरव्या कापडावर ठेववेना. "आतापर्यंत मी ते दुरुस्त करून लिहिलं होतं," तो म्हणाला. आरियाद्ना ग्लेबोव्नाने आपले कागद गोळा केले, आणि निर्णय पुढे ढकलल्याचं येर्मोलाय फोमिचने पडलेल्या आवाजात जाहीर केलं.

खुर्च्या सरकल्या, माणसं गेली, जाता जाता स्त्रेमुखोवने भारावून त्याचा हात दाबला, त्याने तो दाबू दिला. झिनोवी बाकावरून उठला नव्हता. "गाढवा," तो पियानोकडे पाहत म्हणाला. "म्हातारा, सरकारमान्य गाढव. एक शब्द. दीडशे लोकांचा ऑर्केस्ट्रा तुझ्या दारात उभा होता, तू म्हणालास, पाय पुसून या." तारूतिनने पियानोच्या कडेवरची धूळ बोटाने पुसली. "कधीपासून?" "काय कधीपासून?" "माझी बोटं बधिर आहेत, केशा, डोकं नाही. कान. कधीपासून सरकलाय?" "बर्फ फुटला तेव्हापासून." "आणि मी चष्म्याचे विनोद करत बसलो." झिनोवीने खिशातून पेन्सिल काढली, तिचं टोक अंगठ्यावर तपासलं आणि त्याच्यापुढे धरली. "लिही. नाहीतर उद्या तूच म्हणशील तसं नव्हतं." तारूतिनने पान पुढे ओढलं आणि खालच्या ओळीच्या सुरुवातीची, स्वर कुठून धरायचे ते सांगणारी खूण खोडून नवी केली. एकामागून एक पानं उलटत तो शेवटच्या ओळीपर्यंत आला आणि थांबला. तिथे दोन्ही आवाज एका स्वरावर येऊन संपत होते. झिनोवी त्याच्या खांद्यावरून पाहत होता. "हं, इथे काय?" त्याने विचारलं. "पूर्वी दोघंही 'सोल'वर यायचो. आत्ता मी माझ्या 'सोल'वर थांबलो, तू तुझ्या जागी, आणि ते कानात कुसळासारखं राहिलं. तसंच ठेवायचं, की तू वर चढतोस?"

"नाही," तारूतिन म्हणाला. "ती चढणार नाही."

झिनोवीने 'ती' कोण हे विचारलं नाही. वेढ्यात ग्लाफीराला दफनाला नेणाऱ्या घसरगाडीची दोरी त्यानेही ओढली होती.

"तू खाली ये," तारूतिन म्हणाला. "शेवटच्या स्वराला. सावकाश ये. ती जिथे आहे तिथे."

त्याने ते लिहिलं. मग दोघांनी शेवटचं पान पुन्हा वाजवलं, रिकाम्या खुर्च्यांसमोर. वरचा आवाज बराच वेळ आपल्या जागी अडून राहिला, मग सुटला आणि एक पायरी उतरला, आणि दोन हात एकाच काळ्या पट्टीच्या दोन सप्तकांवर येऊन थांबले. फेब्रुवारीत ग्लाफीरा जिथे होती ती ही पट्टी. झिनोवीला तीच ऐकू येत होती, ऑर्केस्ट्राला आणि साऱ्या शहराला कधी ऐकायला मिळाली तर तीच ऐकू येणार होती. तारूतिनला तिथे 'सोल' ऐकू येत होती. त्याने पायाखालचं पेडल दाबून धरलं आणि तार पूर्ण शांत होईपर्यंत सोडलं नाही.